दुर्बिणीचं ऑपरेशन या वयात सोसेल का?

पाळी जाऊन वीस-पंचवीस वर्षं झालेली असतात. एक दिवस अंगावरून थोडं लाल जातं. बाई आठवडाभर कुणाला बोलत नाही, मग घरात सांगते. सोनोग्राफी होते, गर्भपिशवीच्या (गर्भाशयाच्या) अस्तराचा तुकडा तपासायला जातो आणि रिपोर्टमध्ये कर्करोग निघतो. डॉक्टर म्हणतात, पिशवी काढावी लागेल, दुर्बिणीतून काढू. दवाखान्याबाहेर पडल्यावर दोन प्रश्न हमखास निघतात. या वयात सोसेल का? आणि एवढ्याशा भोकांतून सगळं निघेल का?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात. सोसेल का, हे त्या बाईच्या ताकदीवर ठरतं. सगळं निघेल का, हे कर्करोग कुठल्या अवयवाचा आहे त्यावर ठरतं. जन्मतारीख पाहून दोहोंपैकी एकाचंही उत्तर देता येत नाही, तरी बहुतेक चर्चा तिथूनच सुरू होते आणि कधी कधी तिथेच संपते.

नेमकं काय करतात

‘दुर्बीण’ हा शब्द रुळला खरा, पण त्यामुळे हे तपासणीसारखं काहीतरी वरवरचं असावं असा समज होतो. प्रत्यक्षात पोटावर चार-पाच छेद घेतात, प्रत्येक साधारण ५ ते १२ मिलिमीटरचा. एकातून कॅमेरा आत जातो, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. आत काम करायला जागा हवी म्हणून कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवतात. आतडी ओटीपोटातून वर सरकावीत म्हणून टेबल डोक्याच्या बाजूने खाली झुकवतात. हा वायू आणि हा उतार लक्षात ठेवा. थकलेल्या हृदयाला आणि फुप्फुसांना छेदांपेक्षा तेच जड जातात.

आत जे कापलं जातं ते पोट उघडून कापतात तेवढंच असतं: पिशवी, दोन्ही गर्भनलिका, दोन्ही अंडाशय. भूलही पूर्ण द्यावी लागते. मग अख्खी पिशवी त्या छिद्रांतून बाहेर कशी येते? ती तिथून येतच नाही. पिशवी योनीपासून सोडवली की ती योनीमार्गानेच, अखंड, बाहेर काढतात आणि योनीचं वरचं टोक टाके घालून बंद करतात. आत तुकडे करून काढणारी यंत्रं मिळतात, पण कर्करोग असेल किंवा त्याची शंका असेल तर ती वापरायची नसतात, कारण फिरत्या पात्याने पेशी पोटभर पसरू शकतात. फायब्रॉइड, म्हणजे कर्करोग नसलेली साधी गाठ, समजून काढलेल्या गाठीत न ओळखलेला कर्करोग दडलेला असेल तर तो अशा यंत्राने पसरेल, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला होता. पिशवी मोठी असेल आणि योनीमार्ग अरुंद, तर सुरक्षित थैलीत घालून छोट्या छेदातून ती बाहेर घेतात.

रोबोट म्हणजे याच ऑपरेशनची महागडी बहीण. यंत्र आपल्या मनाने काही करत नाही. सर्जन खोलीतच एका कन्सोलवर बसतो आणि त्याच्या बोटांच्या हालचाली यंत्राचे हात आत करतात. साध्या दुर्बिणीची हत्यारं सरळ काठीसारखी असतात, रोबोटची मनगटासारखी वळतात, शिवाय चित्र त्रिमितीय दिसतं. स्थूल रुग्णात, खोल अरुंद ओटीपोटात याचा खरा उपयोग होतो. पण पातळ अंगाच्या बाईत, सरावलेल्या सर्जनच्या हाती साधी दुर्बीण तितकंच चांगलं काम करते. ‘रोबोटिक आहे’ एवढ्यावर दुप्पट बिल भरू नये, असं माझं मत आहे. या यंत्रावर हा सर्जन किती आणि कशा प्रकारची ऑपरेशन्स करतो, हे विचारावं.

पोटावर एकही छेद न घेता, फक्त योनीमार्गातून पिशवी काढायची पद्धत तर या सगळ्याच्या खूप आधीची आहे. जर्मन सर्जन कॉनराड लांगेनबेक यांनी १८१३ मध्ये असं ऑपरेशन केलं, तेव्हा भुलीचा शोधही लागला नव्हता. आज त्याचा उपयोग विशेषतः अशक्त बाईला होतो. कंबरेतून भूल देऊन ते करता येतं, वायू लागत नाही, डोकं खाली झुकवावं लागत नाही. तोटा असा की पोटाच्या आतलं काही दिसत नाही आणि लसिका ग्रंथी, म्हणजे कर्करोग ज्यांत पसरू शकतो त्या छोट्या ग्रंथी, तपासता येत नाहीत. कर्करोग अस्तरापुरता, मंद गतीचा असेल आणि बाई पूर्ण भूल झेलण्याच्या स्थितीत नसेल, तेव्हा हा तोटा पत्करण्याजोगा ठरतो.

जखमेपेक्षा अंथरूण वाईट

पोट उघडून ऑपरेशन करताना बेंबीपासून खालपर्यंत, कधी बेंबीच्याही वर, उभा छेद घेतात. पंचेचाळिशीतली बाई तो सहन करते, पंच्याहत्तरीतलीही करते. फरक पडतो पुढच्या चार दिवसांत. पोट दुखतं म्हणून ती खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. दुखतं म्हणून उठत नाही, त्यामुळे पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. दुखणं थांबवायला मॉर्फिनच्या कुळातली औषधं द्यावी लागतात. त्यांनी बद्धकोष्ठ होतो आणि डोकं भ्रमिष्ट होतं. या सगळ्यात पायांचे स्नायू रोज झिजत असतात. तरुण माणूस ते महिन्याभरात भरून काढतं. म्हाताऱ्या शरीरात कित्येकदा ते भरून येतच नाहीत, आणि ऑपरेशनआधी स्वतःच्या हाताने आंघोळ करणारी बाई नंतर दुसऱ्यावर अवलंबून राहते. ‘ऑपरेशन झालं आणि आई बसलीच’ असं लोक म्हणतात, तेव्हा बहुधा हेच घडलेलं असतं.

दुर्बिणीचा मोठा फायदा इथे आहे. टाके लहान म्हणून दिसायला बरं, ही गोष्ट सत्तरीत गौण ठरते. बाई त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी चालू लागते, हे खरं मोलाचं.

पिशवीच्या अस्तराच्या कर्करोगात हे चांगलं पडताळून झालं आहे. अमेरिकेत ‘लॅप-२’ नावाच्या अभ्यासात २,६१६ स्त्रियांची चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी केली, काहींचं ऑपरेशन दुर्बिणीतून, काहींचं पोट उघडून. मध्यम ते गंभीर गुंतागुंत दुर्बिणीच्या गटात १४ टक्के स्त्रियांना झाली, पोट उघडलेल्यांत २१ टक्के. दोन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम दुर्बिणीवाल्यांपैकी ५२ टक्क्यांना करावा लागला, दुसऱ्या गटात ९४ टक्क्यांना. आणि घरच्यांचा जो दुसरा प्रश्न असतो, त्याचं उत्तर पाच वर्षांनी मिळालं: दोन्ही गटांत जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८९.८ टक्के, दशांशापर्यंत सारखं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि हाँगकाँग इथल्या ७६० स्त्रियांवर झालेल्या ‘लेस’ अभ्यासातही साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण जवळजवळ एकच निघालं, ८१.६ आणि ८१.३ टक्के. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यातला अस्तराचा कर्करोग असेल तर आज दुर्बीण ही पहिली निवड मानतात. वय जास्त म्हणून ‘आपण साधं पोट उघडूनच करू’ असं कुणी म्हणालं, तर त्यामागचं कारण विचारावं. वाढत्या वयात पोट उघडण्याचा त्रास वाढतो, कमी होत नाही.

‘लॅप-२’मधला आणखी एक आकडा सांगायला हवा. दुर्बिणीने सुरू केलेल्या दर चारांतल्या एका ऑपरेशनात, म्हणजे २५.८ टक्के वेळा, शेवटी पोट उघडावं लागलं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ असलेल्यांत हे प्रमाण १७.५ टक्के होतं, ४० च्या वर असलेल्यांत ५७.१ टक्के. पुढे हात सरावले, यंत्रं सुधारली, तसं हे प्रमाण बरंच खाली आलं. पण शक्यता उरतेच. सही करण्याच्या कागदावर ‘गरज पडल्यास पोट उघडू’ असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. रक्तस्राव आवरेना, किंवा आतलं नीट दिसेना, तेव्हा हट्टाने दुर्बीण चालू ठेवणारा सर्जन जास्त धोक्याचा.

जिथे छोटा छेद महागात पडला

गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही असंच असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. या कर्करोगात पिशवीबरोबर तिच्या दोन्ही बाजूंचा ऊतींचा पट्टा आणि योनीचा वरचा भागही काढतात, म्हणजे ऑपरेशन जास्त मोठं. ते दुर्बिणीने आणि रोबोटने होऊ लागलं, रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, सगळे खूश होते. मग २०१८ मध्ये ‘लॅक’ या अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. ६३१ स्त्रियांमध्ये, साडेचार वर्षांनी, पोट उघडलेल्या गटातल्या ९६.५ टक्के रोगमुक्त होत्या, छोट्या छेदांच्या गटातल्या ८६ टक्के. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ९९ विरुद्ध ९३.८ टक्के. अभ्यास ठरलेल्या वेळेआधीच थांबवावा लागला.

असं का झालं, यावर अजून वाद आहे. पिशवी हलवायला आत एक दांडी घालतात. ती नेमकी गर्भाशयमुखातून, म्हणजे गाठीतूनच जाते. योनी आतल्या बाजूने कापली की गाठ उघडी पडते आणि फिरत्या वायूबरोबर पेशी पोटात पोचू शकतात. संशय या दोन गोष्टींवर जास्त आहे. अस्तराच्या कर्करोगात गाठ पिशवीच्या जाड भिंतीआड झाकलेली असते, म्हणून तिथे हे घडत नसावं. काहीही असो, त्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं मोठं ऑपरेशन पुन्हा पोट उघडून करायला लागले. अभ्यासातल्या स्त्रिया तरुण होत्या, सरासरी वय ४६ च्या आसपास. पण सत्तरीतल्या गाठीच्या पेशी वेगळ्या वागतील, असं मानायला आधार नाही.

यात एक दिलासाही आहे. गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि उथळ असेल तर ते मोठं ऑपरेशनच लागत नाही, साधी पिशवी काढली तरी पुरतं, असं ७०० स्त्रियांवरच्या ‘शेप’ अभ्यासाने २०२४ मध्ये दाखवलं. तीन वर्षांत ओटीपोटात रोग उलटण्याचं प्रमाण साध्या ऑपरेशननंतर २.५ टक्के होतं, मोठ्यानंतर २.२. म्हाताऱ्या शरीरासाठी ही बातमी रोबोटपेक्षा मोठी आहे. बाहेर कमी कापणं आणि आत कमी कापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाईचं पुढचं आयुष्य बहुतेक वेळा दुसरीवर जास्त ठरतं.

लसिका ग्रंथींचं तसंच. कर्करोग पसरला का, हे पाहायला पूर्वी ओटीपोटातल्या ग्रंथी सरसकट काढत. त्याने कित्येकींचे पाय कायमचे सुजत. आता गर्भाशयमुखात हिरवा रंग टोचतात आणि खास कॅमेऱ्याखाली ज्या ग्रंथीकडे तो आधी पोचतो, तेवढीच काढून तपासतात. तिला पहारेकरी ग्रंथी म्हणा. अस्तराच्या कर्करोगात रंग नीट पोचला असेल तर ही पद्धत ग्रंथींतला रोग ९७ टक्के वेळा पकडते, असं २०१७ मधल्या ‘फायर्स’ अभ्यासात दिसलं. योनीच्या बाह्य भागाचा कर्करोग तर प्रामुख्याने उतारवयातच होतो आणि लाजेपायी फार उशिरा दाखवला जातो. गाठ एकच आणि चार सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर तिथेही जांघेतली फक्त पहारेकरी ग्रंथी काढून भागतं. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात अशा स्त्रियांपैकी १.९ टक्क्यांना पायाची सूज राहिली. सगळ्या ग्रंथी काढलेल्यांत ती २५.२ टक्क्यांना राहिली.

अंडाशयाच्या कर्करोगाबद्दल थोडक्यात सांगतो. तो सापडतो तेव्हा बहुधा पोटभर विखुरलेला असतो. डोळ्यांना दिसेल ते सगळं काढायचं असतं आणि त्याला मोठा छेदच लागतो. दुर्बीण तिथे आधी डोकावून, सगळं निघण्यासारखं आहे की आधी केमो द्यावी, हे ठरवायला वापरतात. अंडाशयाची गाठ आत फुटू न देणं फार महत्त्वाचं असतं, म्हणून ‘छोट्या भोकातून काढा’ असा आग्रह रुग्णाने धरू नये.

सोसेल का, हे कसं पाहायचं

७८ वर्षांची एक बाई रोज दोन जिने चढते. ६६ वर्षांची दुसरी, मधुमेह आणि हृदय दुबळं असलेली, न्हाणीघरापर्यंत जाताना धापा टाकते. काळजी दुसरीची जास्त. डॉक्टर याला अंदाजावर सोडत नाहीत, निदान सोडू नये. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालत जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं, याला १२ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका जास्त धरतात. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगून मधे घड्याळाचं चित्र काढायला लावतात, त्यावरून मेंदूची तयारी कळते. अशक्तपणाची १ ते ९ अशी एक श्रेणीही आहे. १ म्हणजे ठणठणीत, वरच्या पायऱ्यांवर पूर्ण परावलंबी. हे कुणी केलं नाही तर आपण सांगावं: गेल्या सहा महिन्यांत किती वेळा पडली, वजन किती उतरलं, आंघोळ-कपडे स्वतः करते का. ईसीजीपेक्षा यातून कधी कधी जास्त कळतं.

आता तो वायू आणि तो उतार. डोकं खाली आणि पोट फुगलेलं अशा अवस्थेत तास-दोन तास गेले की फुप्फुसांना पसरायला जागा उरत नाही, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोळ्यांतला दाब चढतो. निरोगी हृदय हे निभावून नेतं. जुना दमा, हृदयाची कमजोरी किंवा काचबिंदू असेल तर ही गोष्ट भूलतज्ज्ञाच्या कानावर आधीच घालावी. वायूचा दाब सहसा १२ ते १५ मिलिमीटर पारा ठेवतात. तो कमी ठेवता येतो, उतारही कमी करता येतो, काम थोडं अवघड होतं एवढंच. भूलतज्ज्ञाला ऑपरेशनच्या सकाळी नव्हे, आठवडाभर आधी भेटता आलं तर उत्तम.

तो आठवडा-पंधरवडा वाया घालवू नये. रोज चालणं, खोल श्वासाचा व्यायाम, प्रथिनं, रक्त कमी असेल तर ते भरून काढणं, यांचा उपयोग होतो. सगळी औषधं पिशवीत घालून दाखवायला न्यावीत, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तर आवर्जून. कोणती कधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील, आपल्या मनाने काही बंद करू नये. आदल्या रात्रीपासून कडकडीत उपाशी ठेवण्याची पद्धतही मागे पडली आहे. सहसा जेवण सहा तास आधीपर्यंत आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं.

ऑपरेशननंतरच्या रात्री एक प्रकार घडतो, त्याची कल्पना कुणी देत नाही. बाई एकदम बरळू लागते, माणसं ओळखत नाही, सलाईन उपटते. घरचे घाबरतात. हा भूल, दुखणं, औषधं, तुटलेली झोप आणि अनोळखी जागा यांचा परिणाम असतो, आणि बहुतेकींच्या बाबतीत तो काही दिवसांत निवळतो. चष्मा आणि कानाचं यंत्र शुद्धीवर येताच परत द्यावं, दिवसा पडदे उघडे ठेवावेत, ओळखीचं माणूस जवळ बसावं. झोपेची गोळी मागू नये, तिने हे वाढतं. आधीपासून विसराळूपणा असेल तर तो डॉक्टरांपासून लपवूही नये.

खांदा दुखला तरी घाबरायचं कारण नसतं. उरलेल्या वायूने छाती-पोटामधला पडदा चेतवला जातो आणि त्याची कळ खांद्यात उठते. दोन-तीन दिवसांत थांबते. पण पोटरी सुजणं, धाप लागणं, ताप, पोट फुगून उलट्या, किंवा योनीतून एकदम भरपूर रक्त किंवा पाणी जाणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट पाहू नये. बाहेरचे टाके आठवड्यात भरतात म्हणून बाईला बरं वाटतं आणि ती बादली उचलते. आतला, योनीच्या टोकाचा टाका तेवढ्यात भरलेला नसतो. त्याला निदान सहा आठवडे द्यावेत.

कुठलंच ऑपरेशन सोसणार नाही अशाही स्त्रिया असतात. अस्तराच्या कर्करोगात त्यांच्यासाठी आतून दिलेलं रेडिएशन किंवा हार्मोनचं औषध सोडणारी, पिशवीत बसवायची छोटी वस्तू असे मार्ग आहेत. पण हे ठरवताना मी अनेकदा पाहिलं आहे की डॉक्टर मुलाशी बोलतात, मुलगा बहिणीशी, आणि जिचं पोट आहे ती बाकावर बसून असते. तिला चार वर्षं जास्त हवीत की स्वतःच्या पायांवर काढलेली दोन वर्षं, हे तिलाच विचारायला हवं. तिने दिलेलं उत्तर ऐकून डॉक्टरांचा बेत बदलू शकतो.

‘सगळं निघालं का?’ हा प्रश्न मात्र ऑपरेशन थिएटरच्या दाराशी विचारण्यात अर्थ नाही. सर्जनला डोळ्यांनी दिसतं तेवढंच तो सांगणार. पिशवी प्रयोगशाळेत जाते, तिचे पातळ काप होतात, रोग भिंतीत किती खोल गेला होता, पहारेकरी ग्रंथीत पेशी होत्या का, हे पाहिलं जातं. अस्तराच्या कर्करोगात आता गाठीची जनुकं तपासूनही गट पाडतात. सुरुवातीच्या टप्प्यातली गाठ ‘पोल’ नावाच्या गटात निघाली तर पुढे सहसा काहीच द्यावं लागत नाही. ‘पी-५३’ नावाचं जनुक बिघडलेलं निघालं तर दुर्बिणीने कितीही सफाईदार काम झालेलं असो, रेडिएशन किंवा केमोचा विचार करावा लागतो. हा रिपोर्ट यायला बहुधा दोन-तीन आठवडे लागतात. तोवर बाई घरात हिंडू-फिरू लागलेली असते.